जगनमामा, तुमच्या भंगारात दोष नव्हता

मामा,

परवा पुण्याहून कुरिअर आलं. तुमच्या भंगाराच्या पावडरीपासून प्रिंट केलेले सहा चौकोनी ठोकळे होते, बोटाच्या पेराएवढे. मी ते कापले, घासले, पॉलिश केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पहिल्यात भोकं दिसेनात तेव्हा वाटलं, फोकसच लागला नसेल. मग दुसरा धरला, तिसरा धरला. सगळे भरीव. सहाव्या ठोकळ्याशी पोचले आणि एकटीच मोठ्याने म्हणाले, "मामा, या जरा इकडे." तुम्ही जाऊन दीड महिना झाला, पण माझ्या तोंडाला ते अजून समजलेलं नाही.

जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये कोणी नव्हतं. वाईट बातम्या मी आजवर एकटीने पुष्कळ पचवल्या आहेत. चांगली बातमी एकटीने पचवणं इतकं जड जातं हे ठाऊक नव्हतं. डबा न उघडताच मी बसून राहिले.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी बोलले. जगन्नाथमामा म्हणजे कष्टाळू माणूस, अनुभवी माणूस, प्रामाणिक माणूस. लोकांनी माना हलवल्या. मामी पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्यांच्याकडे मी बघितलं नाही, कारण जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं मी बोलत होते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं होतं. एका शब्दाचं खोटं. त्या शब्दाने तुमचं भंगार बदनाम झालं, त्याच्याबरोबर तुम्हीही झालात, आणि मी ते होऊ दिलं. आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

आपली ओळख अंबडच्या भंगारवाल्याकडे झाली. तुम्ही कास्टिंगच्या कंपनीत भट्टीवर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाला होतात आणि घरी करमत नाही म्हणून त्याला माल निवडून देत होतात. मी ॲल्युमिनियमचा एक तुकडा हातात धरून त्या भंगारवाल्याला विचारत होते की यात सिलिकॉन किती असेल. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. तुम्ही पोत्यावरून उठलात, माझ्या हातातला तुकडा घेतलात, फरशीच्या कडेवर ठेवून हातोडा हाणलात आणि तुटलेली बाजू उन्हाकडे वळवून बघितलीत.

"बाई, ह्याच्यात लोखंड लय हे. हे नका घेऊ. त्ये तिकडलं घ्या, गाडीच्या इंजिनाचं."

"नुसतं बघून कसं कळतं हो?"

"भाकर भाजली का नाय ते कसं बघता? मशीन लावता का?"

मला भाकरी येत नाही हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत दिले. अहवाल आला तो शब्दशः तुमचाच होता, फक्त आकडे जास्त होते. तो घेऊन मी परत आले, तर तुम्ही कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "मला काय दावता, मला ठाऊकच हे." त्याच आठवड्यात तुम्ही माझ्याकडे कामाला लागलात.

मला काय करायचं होतं ते तुम्हाला मी पहिल्या दिवशी फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगला ॲल्युमिनियमची फार बारीक पावडर लागते. यंत्र तिचा पातळ थर पसरतं, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवतं, मग वर दुसरा थर, असं करत वस्तू उभी राहते. ही पावडर बाहेरून येते आणि ती इतकी महाग, की छोटा कारखानदार नुसतं नाव ऐकून परत जातो. ती नाशिकमध्ये स्वस्तात करायची, एवढंच माझं वेड होतं. वितळलेल्या धातूची धार वरून सोडायची, तिच्यावर चहूबाजूंनी आर्गॉन वायूचा फवारा मारायचा. धार फुटते, थेंब होतात, खालच्या बंद ड्रममध्ये पडेपर्यंत त्यांचे गोल दाणे गोठतात. तुम्ही चित्र बघून विचारलंत, "म्हंजे राजगिऱ्यावानी गोल?" मी म्हटलं, राजगिऱ्याच्याही कितीतरी बारीक, पण गोल तसेच. "मग जमंल," असं म्हणून तुम्ही बाही वर केलीत.

आणि तिथूनच भांडणं सुरू झाली. मी शिकलेली, मला शुद्ध, नवा, प्रमाणपत्रासकट आलेला इनगॉट हवा, म्हणजे कोऱ्या धातूची लगड. तुमचं म्हणणं, अंबड-सातपूरच्या मशीनशॉपमध्ये इंजिनाचे भाग कातताना जो कीस पडतो, तो एकाच जातीच्या धातूचा असतो. तोच घेतला तर नवा माल कशाला? मी म्हणायचे, तो तेलकट, घाणेरडा, त्यात काय काय मिसळलेलं. तुम्ही म्हणायचात, "शुद्ध म्हंजे काय मॅडम? ठाऊक असलेलं अशुद्ध बी चालतं." एकदा मी फारच चिकित्सा करायला लागले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढे नाकानं कांदे सोलता, तर लासलगावच्या मार्केटात नोकरी धरा." आठवडाभर मला सगळे कांद्याचा भाव विचारत होते.

पण तुम्ही करून दाखवलंत. तीन मशीनशॉपमध्ये जाऊन तिथल्या कामगारांशी चहा पिऊन पिऊन तुम्ही ॲल्युमिनियमच्या किसाचा डबा वेगळा ठेवायला लावलात. सोड्याने धुतला तर कीस काळा पडतो, म्हणून रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलात. जुन्या स्पीकरची लोहचुंबकं झाडूच्या दांड्याला बांधून लोखंडाचे कण वेचलेत. भट्टीच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर पिंप फिरवून कीस वाळवलात. पावडर चाळल्यावर जे जाडे दाणे वर उरायचे ते मी विकून टाकायला निघाले होते. तुम्ही ते परत धातू वितळवायच्या मुशीत घातलेत. पुस्तकात यातलं काही नव्हतं. छोट्या चाचण्यांमध्ये पावडर चांगली येत होती आणि मी मनातून तुमच्या बाजूची झाले होते, वरून मात्र कुरकुर चालू ठेवली होती. तुम्हाला ती आवडायची, असं मला वाटतं.

शिस्तीत तुम्ही माझ्यापेक्षा कडक. बारीक ॲल्युमिनियम ठिणगीने पेटतं, म्हणून दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगावरची वीज उतरवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. एकदा मी सिंथेटिक ड्रेस घालून आले तर तुम्ही मला दारातूनच परत पाठवलंत. मालकीण मीच, आणि कपडे बदलायला रिक्षाने घरी जाणारीही मीच. ड्रमचं झाकण कोणी उघडू नये अशी पाटी मात्र मी लावली होती, लाल अक्षरात. पावडरीला ओल लागली की छपाईत तिच्यातून वायू सुटतो आणि वस्तूला आतून भोकं पडतात, यावर मी सगळ्यांना अर्धा तास भाषणही दिलं होतं. हे सगळं मुद्दाम लिहितेय, मामा, म्हणजे पुढचं नीट कळेल.

दसऱ्याला तुम्ही कधीच कामावर नसायचात. तुमचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, सकाळी विहार, दुपारी मामींच्या हातचं जेवण. यंत्रांची पूजा आमची आम्ही करायचो. आदल्या दिवशी निघताना तुम्ही एवढंच बजावायचात, "पूजा करा, पन यंत्राला पानी लावू नका." मी हसायचे.

त्या वर्षी, पुण्यात थ्रीडी प्रिंटिंगचा कारखाना असलेल्या साहेबांसाठीची पहिली मोठी खेप आदल्या दिवशीच निघाली होती आणि ड्रममध्ये बंद होती. सगळी तुमच्या किसाची. सगळ्यांना सुट्टी दिलेली, पूजेला मी आणि आई दोघीच. आईने माझा कारखाना पहिल्यांदाच बघितला. तिने यंत्राला हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, मग म्हणाली, "एवढं रात्रंदिवस करतेस ते काय, दाखव तरी." तिला माझ्या लग्नाची काळजी होती, धंद्याची त्याहून जास्त. मला वाटलं, हिला दाखवावं. मी झाकण काढलं. आत चंदेरी, मऊ, पिठासारखी पावडर होती. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने ड्रमच्या पायाशी नारळ फोडला आणि पाणी उडालं, अगदी आतपर्यंत. मी पदराने काठ पुसला. निरांजन तेवढं बाहेर ठेवलं होतं, इतकी अक्कल शिल्लक होती. प्रसाद, चहा, आईच्या गप्पा, यात झाकण दुपारपर्यंत उघडंच राहिलं, आणि त्या दिवशी हवाही दमट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चाळायला बसलात. दोघे ऑपरेटर शेजारी उभे होते.

"मॅडम, पावडर गोळा धरतीये. काल झाकण काढलं व्हतं का कुनी?"

वर माझी लाल पाटी होती. मी म्हणाले, "नाही."

बस, एवढंच. तुम्ही माझ्याकडे जरा बघितलंत आणि "बरं" म्हणालात. पावडर भट्टीत कोरडी केलीत, पण एकदा लागलेली ओल दाण्याला धरून बसते हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. खेप थांबवायला हवी होती. मला तारीख गाठायची होती, मी ती पाठवली.

पुण्याहून जे तुकडे परत आले त्यांना अनारशाला जाळी पडावी तशी भोकं होती. साहेबांनी फोनवर विचारलं, कच्चा माल कुठला? मी म्हटलं, कीस. ते म्हणाले, "मग तेच." ऑपरेटर म्हणाले, तेच. माझी आईसुद्धा म्हणाली, "भंगारातून कुठं चांगलं येतं का?" सगळ्यांना ते इतक्या लगेच पटलं की मला काही बोलावंच लागलं नाही. इतक्या लगेच का पटलं, ते मला तेव्हाही समजत होतं. भंगार, आणि भंगार निवडणारा तुमच्यासारखा माणूस. मी तुमच्यावर बोट ठेवलं नाही. दुसऱ्यांनी ठेवलेलं बाजूला केलं नाही, इतकंच. आणि स्वतःला सांगत राहिले की हे वेगळं असतं.

त्यानंतर मी इनगॉट आणायला सुरुवात केली. पावडर चांगली आली आणि बाहेरच्याइतकीच महाग पडली. ज्या छोट्या कारखानदारांसाठी हा खटाटोप मांडला होता ते परत गेले ते गेलेच. तुम्ही मात्र रोज येत राहिलात, इनगॉटच्या भट्टीवर उभे राहिलात. दर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा विषय काढायचात. "एक भट्टी किसाची लावू द्या मॅडम. रविवारी लावू. नाय आली तर पुन्यांदा नाव काढनार नाय."

"वेळ नाही मामा प्रयोगाला."

वेळ होता. भीती होती ती पावडर चांगली येईल याची. चांगली आली असती तर कोणीतरी विचारलं असतं, मग तेव्हा काय झालं? खाई त्याला खवखवे. पहिलं खोटं घाबरून तोंडातून गेलं, त्याबद्दल मी स्वतःला एखादवेळी माफ करीनही. पण त्यानंतरचे हे नकार मी शुद्धीवर, चहा पीत पीत दिले. मला तुमचा राग यायचा, खरंच यायचा, की हा माणूस विषय सोडून का देत नाही. तुम्ही शेजारी उभे असताना मी इतकी एकटी असायचे, की संध्याकाळी तुम्ही सायकल काढलीत की मला हायसं वाटायचं. आता दिवसभर ती सायकल ठेवायच्या जागेकडे बघणं टाळते.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा मी खरं सांगायचं ठरवून आले होते. मामी जेवायला घरी गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, दम लागत होता, तरी आर्गॉनच्या सिलिंडरची गळती थांबली का, असं विचारलंत. मग म्हणालात, "बोला मॅडम."

मी म्हणाले, "मूस बदलायला झालीय."

तुम्ही म्हणालात, "हां, झाली आसंल." मग आपण तासभर मुशीबद्दल बोललो. कुठली घ्यायची, कशी तापवायची, पहिल्या वेळी किती हळू. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. निघताना म्हटलं, उद्या येते. त्या 'उद्या'ला सकाळीच फोन आला.

पंधरवड्याने मी किसाची भट्टी लावली. तिन्ही मशीनशॉपमध्ये गेले, तर दोन ठिकाणी तो वेगळा डबा अजून चालू होता. कोणासाठी भरत होते कोण जाणे, एकजण म्हणाला, "मामा म्हणले व्हते, कवातरी लागंल." रिठे मी जास्त घातले आणि फेस शेडबाहेर रस्त्यापर्यंत गेला. शेजारच्या कारखान्यातला वॉचमन बघायला आला. तुम्ही असतात तर वर्षभर पुरेल एवढी चेष्टा केली असतीत. लोखंडाचे कण वेचताना माझ्या लक्षात आलं की हे काम तुम्ही गुणगुणत करायचात, आणि काय गुणगुणायचात ते मी कधी विचारलं नाही. धार सोडली, पावडर ड्रममध्ये पडली. झाकणाला कोणी हात लावला नाही. मीही नाही.

ठोकळे बघून झाल्यावर पहिला फोन पुण्याला केला. साहेबांना सांगितलं, ही किसाची पावडर आहे, आणि दोन वर्षांपूर्वीची खेप बिघडली ती किसामुळे नाही, मी झाकण उघडून ओल लावली होती म्हणून. ते म्हणाले, "अच्छा. होतं मॅडम असं कधीकधी. मग आता किसाचा भाव काय लावताय?" दोन वर्षं जे तोंडावर येऊ दिलं नाही, ते अर्ध्या मिनिटात संपलं. ऑपरेटरांनाही एकत्र बोलावून सांगितलं. दोघंही खाली बघत होते. एकजण म्हणाला, "मामांना सांगायला पायजे व्हतं." मी म्हटलं, हो.

काल संध्याकाळी तुमच्या घरी गेले, एकलहऱ्याच्या रस्त्याला. मामींनी चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, आई, नारळ, झाकण, तुमचा प्रश्न, माझं "नाही". रडू येत होतं ते येऊ दिलं. मामींनी मला बसवलं आणि चहा गाळत म्हणाल्या, "त्यांना ठाऊक व्हतं."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. घरी येऊन म्हणले, मॅडमला खोटं बोलता येत नाय. घाबरल्या म्हणून बोलल्या. सांगतील दोन दिवसांत."

मामी दुसऱ्या कपात चहा गाळायला लागल्या.

"मी म्हनलं, तुम्हीच सरळ इचारा ना. तर म्हणले, आपण काढून घ्येतलं तर त्यांना आपल्याकडं बघता यायचं नाय. त्यांच्या तोंडून येऊ दे. मग मी रोज इचारायची, आज सांगितलं का? म्हणायचे, आज नाय. पुढं पुढं मी इचारायचं सोडलं." मामींनी कप माझ्यापुढे सरकवला. "हास्पिटलात तेवढं इचारलं. तुम्ही येऊन गेल्या ना, त्या दिशी."

"काय म्हणाले?"

"म्हणले, आज सांगनारच व्हत्या, पन मधीच नर्स आली."

मामा, त्या तासाभरात नर्स एकदाही आत आली नव्हती.